पायावरची अंघोळ

भाचीला दिवस गेल्याचं कळलं, त्याच सकाळी अक्काने न्हाणीतला दगड घासून काढला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे साखऱ्याला, माझ्या या थोरल्या बहिणीच्या घरी होणार होतं. पाटावर बसून, पाय लांब करून, बाळाला त्यावर आडवं घेऊन अंघोळ घालणं हे आजीचं काम. आमच्या आईने आमची लेकरं तशीच न्हाऊ घातली होती. आता पाळी अक्काची होती.

पण अक्काची पाठ दुखायची आणि ती उंचीला कमी होत चालली होती. मला ते तिच्या साडीवरून कळलं. नेसण तीच, पण काठ जमिनीवर लोळायला लागला होता. ती कमरेला आणखी खोचायची आणि म्हणायची, "कापड सैल पडलं गं." मी डॉक्टरबाईंची वेळ घेतली आणि तिला आदल्या दिवशीच हिंगोलीला माझ्याकडे बोलावून घेतलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाळी कधी गेली?"

"गेली न्हाई, मॅडम. पिशवी काढली," अक्का म्हणाली. "लेक शाळंत बी जात नव्हती तवा. आमच्याकडं लई जणींनी काढली."

"अंडाशयं ठेवली का तीही काढली?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "ते कोणी सांगितलंच न्हाई."

आमच्याकडे पाळी जाणं म्हणजे वय होणं, आणि पिशवी काढणं म्हणजे ऑपरेशन. दोन्हींचा हाडांशी काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली असावीत आणि तरुण वयातच तिच्या अंगातलं हाडं जपणारं संप्रेरक आटलं असावं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. पाठ दुखते ती शेतातल्या निंदणीने, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

एक्स-रेत एक मणका चेपलेला निघाला. मग रक्त. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि सीटीएक्स नावाची एक तपासणी. हाड झिजताना त्याचा काही अंश रक्तात उतरतो, तो या तपासणीत मोजतात. सकाळी अनशापोटी रक्त दिलं, नमुना बाहेरगावी गेला. झीज फार वेगाने चालली होती.

आठवड्यातून एक गोळी सुरू झाली. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मी वार ठरवला, दर सोमवारी फोन करायचा नेम धरला.

"घेतली का?"

"घेतली. उभी हाय. देवापुढं बी इतका वेळ उभी ऱ्हायले न्हाई कधी."

काही महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. आकडा चांगलाच उतरला होता. मला इतका आनंद झाला की मी दवाखान्यात जाताना पेढे घेतले. अक्काने डॉक्टरबाईंना विचारायची एकच गोष्ट ठरवून आणली होती.

"आता लेकराला पायावर घेता येईल ना?"

"झीज कमी झाली, एवढंच रक्त सांगतं," त्या हळूच म्हणाल्या. "चेपलेला मणका पुन्हा उभा राहत नाही. वाकायचं नाही, खालून काही उचलायचं नाही. दुसरा मणका गेला तर अंथरूण धराल."

मी तिला साखऱ्याला सोडायला निघाले. जीपमध्ये गोरेगावजवळ ती म्हणाली, "रक्त बराबर झालं, मग मी काहून न्हाई?"

मी पुन्हा सगळं समजावून सांगितलं. पेढ्याचा पुडा माझ्या मांडीवर तसाच राहिला.

नात झाली. पहिल्या अंघोळीला पाटावर मी बसले. अक्काला न्हाणीच्या दाराशी खुर्ची दिली.

"पाणी कोपरानं बघ."

"बघितलं."

"मान धर तिची. पाय जवळ घे, लेकरू घसरंल. तुज्या पायाला नुसतं मांस हाय, अक्कल न्हाई."

खोलीतून भाची हसली. मीही हसले. बाळ आधी रडलं, मग कोमट पाण्याने शांत झालं. धुपाटणं मागायला मी मान वर केली.

खुर्चीत ताठ बसलेल्या अक्काने साडी गुडघ्यापर्यंत घेतली होती. दोन्ही पाय समोर लांब केले होते, आणि मध्ये फट राहू नये म्हणून एकमेकांना घट्ट चिकटवून धरले होते.