बीपी हाय काय तुमाले?

"बीपी हाय काय तुमाले?"

मानोऱ्याच्या बसस्टँडसमोर तुम्ही कधी सर्दीची गोळी घ्यायला उतरला असाल, तर हा प्रश्न तुम्हालाही आला असणार. दुकानातून नव्हे, दुकानाच्या पायरीवरून. तिथे बारदाना अंथरून, पदर कमरेला खोचून एक बाई बसलेली असायची. गिऱ्हाइकाचा पाय पायरीवर पडला की मान न वळवता विचारायची. माझं लेडीज टेलरिंगचं दुकान त्या मेडिकलला लागून, भिंत एकच. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो.

काकूंचे यजमान, म्हणजे आमचे काका, आवाजाचे धनी होते. पोहरादेवीच्या यात्रेत हरवलेल्या माणसांची नावं लाऊडस्पीकरवर पुकारायचं काम त्यांच्याकडे. रडतं पोर तंबूत आणलं की काका त्याचं नाव असं घ्यायचे की गर्दीतल्या सगळ्याच आया वळून बघायच्या. एकदा ऐन यात्रेच्या तोंडावर त्यांना सर्दी झाली. नाक चोंदलं, आवाज गेंगाणा झाला. ते शेजारच्या मेडिकलवर आले.

"उद्या पोहऱ्याले जा लागते. आवाज मोकया करून दे," काका म्हणाले.

मेडिकलवाल्याचे डोळे मोबाइलवरच्या क्रिकेटमध्ये. त्याने काउंटरवर गोळ्यांची पट्टी टाकली, वर सर्दीच्या सिरपची बाटली टाकली आणि म्हणाला, "दोन्ही घ्या बिनधास्त. काही होत नाई."

काकांना बीपी होतं, रोजची गोळी चालू होती. याने विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. सर्दीच्या गोळीचा आणि बीपीचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल.

दुसऱ्या दिवशी तंबूत एका पोराचं नाव पुकारताना काकांचं तोंड वाकडं झालं. नाव अर्धंच राहिलं. वाशिमच्या डॉक्टरांनी नंतर काकूंना आणि मला समजावलं, की नाक मोकळं करणारं औषध शिरा आकसवतं, बीपीच्या माणसाने ते विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं. त्यात पट्टीत आणि बाटलीत औषध एकच होतं, म्हणजे दुप्पट पोटात गेलं. झटका त्यानेच आला हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, असंही डॉक्टर म्हणाले. ते शेवटचं वाक्य काकूंनी ऐकलंच नाही. मीही ऐकलं नाही.

काका वाचले, पण उजवी बाजू गेली आणि आवाज गेला. उरलं फक्त "हं".

मग काकू पायरीवर येऊन बसल्या. मी विचारलं, "काकू, इथं काहून बसून राह्यल्या?"

"यानं इचारलं नाई ना, मंग आता मी इचारतो," त्या म्हणाल्या. "याच्या दुकानात याच्याआंधी मी इचारीन. त्याईले, तुया काकाले, सांगून आली मी घरी, की याले सोडत नाई."

वाशिमच्या डॉक्टरांकडून त्यांनी आणखीही प्रश्न आणले होते. पर्समध्ये नाकात टाकायच्या थेंबांची बाटली बाळगणाऱ्या कॉलेजच्या मुलीला त्या थांबवायच्या. "किती दिस झाले टाकून राह्यली? चार दिसावर टाकू नोको पोरी, मंग नाक त्याच्याबिगर उघडतच नाई." कडेवर तान्हं असलेल्या बाईला सर्दीचं सिरप घेऊच द्यायच्या नाहीत, सरळ सरकारी दवाखान्याची वाट दाखवायच्या. डोळ्यात काचबिंदू आहे का, हेही विचारायच्या. पण खरा मारा म्हाताऱ्या पुरुषांवर. भर चौकात, खणखणीत आवाजात विचारायच्या, "काहो बाप्पा, लगवीले जोर लावा लागते काय?" त्या औषधाने लघवी अडकू शकते हे खरंच आहे. पण भल्याभल्या मिशा दुसऱ्या मेडिकलकडे वळायच्या. मला हसू आवरायचं नाही. कितीदा तरी शिवण तिरकी गेली.

मेडिकलवाल्याने पायरीवर पाणी ओतून पाहिलं. काकू ओल्या पायरीवर बसल्या. "पोलिसात तक्रार करीन," तो म्हणाला. "कर. पोलिसालेई इचारीन बीपी हाय काय," काकू म्हणाल्या. एकदा घराकडे निघालेल्या काकूंसमोर तो हात जोडून उभा राहिला. "काकू, काय पायजे तुमाले?" काकूंनी त्याच्याकडे निवांत पाहिलं. "त्याईचा आवाज," म्हणाल्या, आणि चालू लागल्या.

पुढे त्याला स्वतःलाच बीपी लागलं. "या बाईनं लावलं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. त्या दिवशी काकूंनी मला चहा पाजला. मीही चवीने प्यायले, उगाच खोटं कशाला सांगू.

आता तो दिवस सांगते. थंडी होती, म्हणून मशीन मी दारातल्या उन्हात ओढलं होतं; तिथून त्याचा काउंटर दिसायचा. मेडिकलवाल्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं आणि त्याचं नाक गच्च चोंदलेलं. नवा शर्ट घालून तो निघायच्या घाईत होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्याने कपाटातून पट्टी काढली. तीच. मग सिरपची बाटली काढली. तीही तीच. "एका दिसानं काही होत नाई," असं स्वतःशीच पुटपुटत त्याने गोळी तळहातावर घेतली. माझा पाय मशीनवर थांबला. काकू पायरीवरून सगळं बघत होत्या.

माझ्या मनात काय आलं ते स्पष्ट सांगते. गिळू दे, असं आलं. काकूंनी फक्त गप्प बसायचं होतं. बोट उचलायचं नव्हतं, शाप द्यायचा नव्हता. त्याने काकांना जे दिलं तेच त्याच्या हाताने त्याच्या तोंडात जाणार होतं. मी काकूंच्या जागी असते तर गप्प राहिले असते.

"बीपी हाय काय तुमाले?"

आवाज नेहमीचा खणखणीत नव्हता, अगदी हळू होता. त्याने तळहातावरच्या गोळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हाय, काकू." आणि त्याने गोळी खाली ठेवली.

काकू उठल्या. बारदाना झटकला आणि माझ्या दारात आल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण ते रागाने, आणि राग स्वतःवरच.

"तोंडाले सवय लागली व पोरी. निंघून गेलं तोंडातून. आता घरी जाऊन त्याईले काय सांगू मी?"

मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पायरी रिकामी होती. काही दिवसांनी काका गेले आणि काकू धनजला बहिणीकडे राहायला गेल्या.

मेडिकलवाला आता प्रत्येकाला विचारतो. बीपी, काचबिंदू, लघवी, सगळं, आणि सिरपसोबत गोळी मागितली तर देत नाही. विचारण्याआधी त्याची नजर पायरीकडे जाते. पायरी तो रोज सकाळी स्वतः झाडतो. बरा माणूस झाला, असं लोक म्हणतात. म्हणोत.

मधूनमधून तो माझ्या दारात येऊन उभा राहतो. "काकू कुठं असतात हो आता? एक डाव भेटाचं होतं. पाय धरतो त्याईचे." त्याचे डोळे खरेच ओले असतात. माफी मागितल्याशिवाय त्याला झोप लागत नाही, हे त्याच्या बायकोने मला ब्लाउजचं माप देताना सांगितलं आहे.

धनजची बस समोरूनच सुटते. बहिणीचं घर मला माहीत आहे, मी जाऊन आले आहे. त्याने विचारलं की मी सुईत दोरा ओवायला घेते. शिवणकाम माझा धंदाच आहे, ओठही शिवता येतात.