इद्दतीतलं इंजिन

नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईने घरातच राहायचं, नटायचं नाही, परक्या पुरुषांसमोर यायचं नाही. आमच्यात याला इद्दत म्हणतात. मी ती पाळली. पूर्ण पाळली, हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं. उंबऱ्याबाहेरच्या रस्त्यावर मी पाऊल टाकलं नाही. मात्र त्या काळात बाईने हातात काय धरावं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारायला गेले नाही. मी पाना धरला.

माझे यजमान चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. आमची लहानशी पांढरी गाडी ऑइल पिऊ लागली होती. मागून निळा धूर निघायचा. मी मंद्रूपच्या शाळेत मराठी शिकवते. गाडी फाटकात शिरली की पोरं नाकाला रुमाल लावायची. शाळेच्या सुट्टीत इंजिन खोलून नव्या रिंगा, नवे बेअरिंग टाकायचे असं त्यांनी ठरवलं. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गर्डरला चेन-पुली अडकवून त्यांनी इंजिन उचललं, उघडलं, आणि एकेक भाग धुऊन जुन्या चादरीवर मांडला. पहिल्या सिलिंडरचं सामान पहिल्या ओळीत, दुसऱ्याचं दुसऱ्या, तिसऱ्याचं तिसऱ्या.

"हात लावू नका हं, प्रोफेसरबाई," ते म्हणाले. शाळेत शिकवणाऱ्या बायकोला ते गमतीने प्रोफेसरबाईच म्हणत. सोमवारी कामावर गेले आणि तिथेच छातीत कळ येऊन कोसळले.

तिसऱ्या दिवशी जियारतीला, मयतासाठी दुआ मागायला, माणसं येणार म्हणून घरच्या बायकांनी अंगण धुतलं. चादर उचलली, तिच्यावरचं सगळं लोखंड एका पोत्यात भरलं आणि पोतं शेडच्या कोपऱ्यात ढकललं. त्यांचं काही चुकलं नाही; अंगण स्वच्छ हवंच होतं. आतल्या खोलीत बसून मी तो खळखळाट ऐकला, आणि तो कसला आहे ते मला कळलंही नाही.

मग दीर आले. त्यांचे दोन टेम्पो आहेत, बाजार समितीतला माल वाहतात. इद्दतीत दीरही परकाच, म्हणून ते दाराच्या पडद्यापलीकडे खुर्ची टाकून बसले.

"भाबी, गाडीचं काय करायचं?"

"ठेवायची."

"इंजिन पोत्यात है भाबी, पोत्यात! कुठल्याबी मेकॅनिकला विचारा, हसेल तो. माझ्या ओळखीचा भंगारवाला है. इद्दत झाली की तुम्ही नुसती सही करा."

"आणि मी शाळेत कशी जाऊ?"

पडद्यापलीकडे खुर्ची पुढे सरकली. मग मऊ आवाजात, "शाळा कायकू, भाबी? मैं हूँ ना. अम्मी को देखता हूँ, तुमकू बी देखूँगा. घर में आराम से रहो."

ते वाईट नव्हेत. भावाच्या जनाज्यात सगळ्यांत जास्त तेच रडले होते. पण त्या 'आराम से रहो'मध्ये मला माझं उरलेलं सगळं आयुष्य दिसलं: ही खोली, हा पडदा, आणि दर महिन्याला दुसऱ्याच्या हातून येणारी किराण्याची पिशवी.

"इंजिन मी बसवीन," मी म्हणाले.

ते खरोखर हसले. "बसवा की! इद्दत संपायच्या आत चालू करून दाखवा. मग गाडी तुमची, शाळा तुमची, मैं एक लफ्ज नहीं बोलता. नहीं तो भंगार."

"ठरलं."

गाडी माझ्याच नावावर होती, माझ्याच पगारातून घेतलेली. सही नाकारली असती तरी भागलं असतं. पण त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढू नये, असं मला हवं होतं.

पोत्यातला पहिला भाग हातात घेतला तेव्हा मी रडले. दुसरा घेतला तेव्हा तो पुसायला लागले. दुपारचं जेवण झालं की मी अंगणाचं फाटक आतून लावून शेडमध्ये बसायची. फोनवर व्हिडिओ पाहायची, पण त्यातली माणसं फार भरभर बोलतात. मग दुरुस्तीचं छापील पुस्तक पोस्टाने मागवलं. ते मला जमण्यासारखं होतं. कठीण उताऱ्यावर जशी थांबते तशी मी त्यातल्या एकेका आकृतीवर थांबत गेले. घाई कुणाला होती? शाळेत रजा टाकली होती, आणि मला तर घरातच राहायला सांगितलं होतं.

माझ्या सासूबाई, अम्मी, दारात बसून तसबीह ओढायच्या आणि मधूनच माझ्या हातांकडे बघायच्या.

"अगे, मेंदी मना है तो ऑइल लगाको बैठी क्या?"

"ऑइल मना नहीं है, अम्मी."

"तेरे से कौन जीतेगा बोलने में!" तसबीहचे मणी पुन्हा सरकू लागायचे.

खरी अडचण पोत्यानेच केली होती. पिस्टनला एक दांडा असतो, आणि दांड्याच्या खालच्या टोकाला बसणारी अर्धगोल टोपी. दोन्ही मिळून मधल्या मोठ्या दांड्याला, क्रँकला, कवेत घेतात. दांडा आणि टोपी कारखान्यात जोडीनेच कापलेले असतात. एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. चादरीवर त्या जोड्या शेजारीशेजारी होत्या. पोत्यात तीन दांडे एकीकडे, तीन टोप्या दुसरीकडे, आणि दिसायला सगळ्या सारख्या. मी अंदाजाने लावल्या, बोल्ट आवळले आणि क्रँक हाताने फिरवून पाहिला. जागचा हलला नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यावर चिडले. मेलेल्या माणसावर. तुम्हाला इतकं सगळं नीट मांडायचं होतं, तर एखादी खूण करायला काय झालं होतं? वाटेल ते बोलले मनातल्या मनात. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा सोडवलं. पुस्तकात एक साधी ओळ होती: जोडी योग्य असेल तर सांध्यावर नख अडकत नाही. मग मी एकेक टोपी एकेका दांड्यावर ठेवून, उलटी करून, सुलटी करून, सांध्यावरून नख फिरवत बसले. काही ठिकाणी नख अडायचं, काही ठिकाणी अडल्यासारखं वाटायचं. नखं झिजली. एका जोडीवरून मात्र ते काचेवरून जावं तसं गेलं. मग दुसरी सापडली, तिसरी तर उरलेलीच होती. पुन्हा आवळलं. या वेळी क्रँक माझ्या दोन हातांत जड, सलग फिरला. मी तो उगीचच कितीतरी वेळ फिरवत राहिले.

इंजिन जुळलं. पुलीला टांगून ते गाडीत उतरवायचं, एवढं राहिलं होतं. आणि नेमक्या त्याच दुपारी फाटक वाजलं. दीर होते, आणि सोबत भंगारवाला.

"अम्मी, खोलो. नुसतं बघून जाईल तो. वजनाचा अंदाज घेईल."

इंजिन साखळीला लटकत होतं. मी शेडमध्ये, हात काळे, ओढणी कमरेला खोचलेली. तो माणूस आत आला असता, त्याने ते लटकतं धूड बघितलं असतं, आकडा सांगितला असता, आणि दिरांनी तो स्वीकारला असता. एकदा शब्द गेला की आमच्या घरात तो परत घेत नाहीत. मी मागे सरकले.

अम्मी उठल्या. फाटकाशी गेल्या, पण कडी काढली नाही.

"कौन है तेरे साथ?"

"बोल्या ना अम्मी, भंगारवाला."

"घर में इद्दत है. पराया मर्द अंगन में कैसे आएगा?"

"अगं अम्मी, दोन मिनिटांचं काम—"

"दो मिनिट की इद्दत अलग होती क्या? मौलाना को पूछको आ, जा." मग आवाज चढवून त्या माणसाला, "ओ भय्या, तुम बी जाव. तुमारे घर में माँ-बहन है ना?"

तो बिचारा "व्हय मावशी, चुकलं" म्हणत निघून गेला. मग दिरांच्याही टेम्पोचा आवाज लांब गेला.

अम्मी माझ्याकडे न बघता परत दारात बसल्या. "मेरी इद्दत खतम हुई," त्या म्हणाल्या, "मैं उठको देखी तो कोने में शिलाई मशीन नहीं. जेठ बेच डाले थे. 'अब तेरेकू कायकू लगती' बोले." मणी दोन-चार सरकले. "चल, क्या पकडना है बोल."

आम्ही दोघींनी, आणि शेजारच्या पद्मशाली वहिनींनी, ते इंजिन उतरवलं. मी साखळी सोडत होते, वहिनी गाडी ढकलत होत्या, अम्मी "बिस्मिल्ला, बिस्मिल्ला" करत टॉर्च भलतीकडेच धरत होत्या. त्याआधी क्लचची चकती मधोमध बसवायला मी लाटण्याची मूठ वापरली होती.

"और रोटी किससे बेलूँ मैं?" अम्मी ओरडल्या.

"बाटलीने लाटा," वहिनी म्हणाल्या. "इंजिन महत्त्वाचं की पोळी?"

गिअरबॉक्सचा दांडा आत जाईना. वहिनी ढकलून ढकलून दमल्या. शेवटी मी पुढून पाना लावून क्रँक केसभर फिरवला, आणि इंजिन एकदम आपल्या जागी सरकलं. वहिनी तोंडावर आपटता आपटता वाचल्या आणि मला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

चालू करताना पहिल्यांदा नुसतंच गरगरलं. पुन्हा तेच. नंतर एक धडधड झाली, शेड पांढऱ्या धुराने भरली, अम्मी खोकत बाहेर पळाल्या, आणि धुरातून तो आवाज हळूहळू एकसारखा होत गेला. मी दिरांना फोन लावला आणि काही न बोलता बॉनेटजवळ धरला.

"हॅलो? हॅलो? भाबी? कुठं आहात तुम्ही? रस्त्यावर?"

"घरात आहे," मी म्हणाले. "इद्दत चालू आहे."

ती संपली त्या सकाळी दीर मला माहेरी, करमाळ्याला, पोचवायला आले. तशी रीत आहे. मी म्हणाले, आधी मंद्रूपला जायचंय, शाळेत हजर व्हायचंय. यायचं असेल तर बसा. ते बसले. दिलेला शब्द पाळून शहर संपेपर्यंत शाळेबद्दल चकार शब्द काढला नाही. विजापूर रस्त्याला लागल्यावर मात्र त्यांनी मान तिरकी करून कान दिला.

"भाबी, कसला तरी आवाज येतोय. टक टक टक."

"टॅपेटचा आहे. वरच्या झडपांचा."

"मग? मेकॅनिककडे नेऊ का मी?"

"नको," मी म्हणाले आणि गिअर बदलला. "रविवारी उघडते मी."