महादेवनं मोडलेलं गिऱ्हाईक

बेळगावात जुन्या मोबाईलचा एक लॉट बघत होतो, तेव्हा निपाणीहून फोन आला. महादेव गेला. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. मी फोन खिशात टाकला आणि समोरच्या व्यापाऱ्याशी अर्धवट राहिलेला सौदा पुरा केला. घासाघीस नेहमीसारखीच केली. परतताना काकतीच्या पुढं गाडी कडेला घेतली आणि बसून राहिलो... किती वेळ, ते सांगता येणार नाही. आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

निपाणीच्या स्टँडजवळ दोघांनी एकदमच धंदा सुरू केला. मी हातगाडीवर मोबाईलची कव्हरं विकायचो, तो शेजारी स्टुलावर बसून दुरुस्ती करायचा. पुढं माझं जुन्या मोबाईलचं दुकान झालं आणि बरोबर समोर त्याचं दुरुस्तीचं. मला कुणी भांडवल दिलं नव्हतं. एकेक गिऱ्हाईक तोंडाच्या जोरावर जोडलं होतं. आणि महादेव तीच गिऱ्हाइकं माझ्या पायरीवरून बोलावून घ्यायचा. फोन चार्ज होत नाही, दुसरा घ्यायचाय, असं कुणी म्हटलं की समोरून हाक यायची, "हिकडं आणा बघू." फोन बंद करून, चार्जिंगच्या भोकात अडकलेला खिशातला कचरा कोरड्या ब्रशनं काढायचा आणि फोन परत द्यायचा. फोन लई स्लो झालाय म्हणणाऱ्याला बाकावर बसवून शुभ सकाळचे शेकडो व्हिडिओ त्याच्याच हातानं पुसायला लावायचा. "आठवड्यातनं एकदा बंद करून चालू करा. बैलालाबी सुट्टी असतीय की." फोटोंची दुसरीकडं प्रत ठेवल्याशिवाय फोन खोलायला घ्यायचा नाही. कुणी लॉकचा नंबर सांगू लागलं की चिडायचा, "मला सांगू नका, तुम्हीच दाबा. नंबर काय बाजारात वरडून सांगायचा असतोय व्हय?"

मी माझ्या गादीवरून ओरडायचो, "म्हादू, फुकटची शाळा काढलीयास काय रं?"

"फी तू भर की," तो मान वर न करता म्हणायचा.

इथपर्यंत मी चालवून घेतलं. पण एके दिवशी बोरगावच्या अंगणवाडीतल्या एक आक्का आल्या. पाऊण तास घासाघीस करून त्यांनी माझ्याकडून एक फोन घेतला आणि काच लावायला महादेवकडे नेला. पाच मिनिटांत तो त्यांना घेऊन माझी पायरी चढला.

"सुरेश, ह्या फोनला कंपनीचं अपडेट यायचं बंद झालंय. चोर आत शिरायला नवी वाट सापडली तर ती बुजवायला कुणी न्हाय. आक्का ह्यात बँक वापरणार हाईत."

"फोन चालतोय न्हवं? मग?"

"वीक की. पर सांगून वीक."

दुकानात चार गिऱ्हाइकं ऐकत होती. माझं डोकं फिरलं. पुन्हा माझ्या दुकानात पाय ठेवायचा न्हाय, असं मी त्याला सुनावलं. आक्का फोन गादीवर ठेवून निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट दुकानांच्या सगळ्या ओळीत पसरली होती.

त्यानं चारचौघांत बोलायला नको होतं, असं माझं आजही म्हणणं आहे. बाजूला घेऊन सांगितलं असतं तर... ही तक्रार मी भेटेल त्याला ऐकवली. मयतीला मागं उभा होतो, तिथंही एकाला ऐकवली. फक्त एक गोष्ट दर वेळी गाळली. त्या भांडणाच्या आधी दोनदा, चहाच्या गाड्यावर, तो मला एकट्याला हेच बोलला होता. दोन्ही वेळा मी हसण्यावारी नेलं होतं.

मागच्या आठवड्यात शोकेसमधले सगळे फोन बाहेर काढून बसलो. एकेकाची सेटिंग उघडून शेवटचं अपडेट कधीचं आहे ते पाहिलं. अपडेट बंद झालेले अकरा निघाले. त्यांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवल्या: अपडेट बंद. फक्त बोलायला. बँक वापरू नये.

काल एक जण बापासाठी त्यातला फोन घ्यायला आला. चिठ्ठी वाचून म्हणाला, "मालक, जुना हाय म्हणून तुम्हीच लिवलंय. मग कमी करा की."

असा संताप आला! "खरं लिवलं म्हणून मीच मरू व्हय?" म्हणत मी समोर बघून ओरडायला तोंड उघडलं. "म्हादू, बघ तुझ्यापायी..."

शटर खाली होतं. त्यावर 'दुकान भाड्याने देणे आहे' असा कागद लावलेला होता.

त्या माणसानं मागितलेल्या भावात मी त्याला फोन दिला.