तापवलेलं चुंबक

आमची पिठाची गिरणी रेणापुरात होती. लातूर जिल्हा नवा झालेला, पाऊस मात्र जुन्याच सवयीनं हुलकावण्या देणारा. विहिरी कोरड्या, रानं उघडी, आणि गिरणीपुढं बायांची रांग. पीकच नाही तर दळण कुठून येतं, असं कुणाला वाटेल. लोक लातूरच्या आडत बाजारातलं झाडलेलं धान्य आणायचे. ट्रक हलले की खाली सांडलेलं झाडून कुणीतरी स्वस्तात विकायचं. त्यात ज्वारी असायची, माती असायची, आणि खिळे, तारेचे तुकडे, नटबोल्ट, काय वाट्टेल ते असायचं.

म्हणून आमच्या गिरणीत धान्य ओतायच्या पेटीच्या तोंडाशी एक चुंबक बसवलेलं होतं, नालेच्या आकाराचं, तळहाताएवढं. धान्य त्याच्यावरून घसरत दगडांकडं जायचं आणि लोखंड त्याला चिकटून राहायचं. संध्याकाळी मालक, म्हणजे माझा नवरा, ते काढून झटकायचे. तेव्हा त्याला खिळ्यांची दाढी आलेली असायची. मला त्या चुंबकाचा मोठा धीर होता. भोकरला माझ्या मामाच्या गिरणीत असलं काही नव्हतं. एकदा बोल्ट दगडात गेला, त्याचा तुकडा उडाला आणि मामाचा गाल फाटला. आमच्या मालकांना तर दळताना पेटीवर वाकून आत बघायची खोडच. त्यांचं ते वाकणं पाहिलं की मला मामाचा गाल आठवायचा.

खंडेनवमी आली. त्या दिवशी गिरणीची सगळी हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडायची, अशी आमच्या घरची रीत. चुंबकावर पीठ आणि वंगण बसून काळी पुटं चढली होती. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, भलत्याच टापटिपीच्या. तव्याला पुटं चढली की त्या तवा चुलीत लाल करायच्या, मग पुटं आपोआप गळायची. चुंबकालाही त्यांनी तोच न्याय लावला. मी पाणी घेऊन आले तर ते चुलीत, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळात लालबुंद पडलेलं.

"आत्याबाई, हे काय केलंत!"

"काय केलं? देवापुढं असलं कळकट ठिवू का? बघ आता कसं लख्ख निघतंय."

निघालं लख्ख. हळदकुंकू लागलं, झेंडू चढला. मी सातवीपर्यंत शिकलेली. मास्तरांनी सांगितलेलं मला पक्कं आठवत होतं. चुंबक थोडंफार तापलं तर जोर कमी होतो आणि निवलं की परत येतो. लाल होईस्तोवर तापवलं तर मात्र निवल्यावरही येत नाही. मी ते तिथल्या तिथं बोलून दाखवलं. गप्प बसणं मला कधी जमलंच नाही.

"झालं का तुझं शाळा सांगून?" आत्याबाई म्हणाल्या. "पूजेच्या दिवशी तरी तोंड आवर."

दसरा झाला, गिरणी सुरू झाली. पहिल्याच संध्याकाळी मालकांनी चुंबक काढलं तर एक बारीक तार सोडून त्याला काही नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मालक खूश.

"बघ, नवा जिल्हा झाला. बाजारातबी साफसफाई व्हायलीय."

माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. ज्वारी तीच, माती तीच, मग खिळे गेले कुठं? एक दिवस भाकरी खाताना दाताखाली तारेचा कण आला. मी उठले, शिवणाची सुई आणली आणि चुंबकाला लावली. सुई खाली पडली. परत लावली, परत पडली. दाराशी उभ्या असलेल्या आत्याबाईंनी ते पाहिलं आणि त्या आत गेल्या.

"अहो, गिरणी बंद ठेवा," मी मालकांना म्हणाले. "तुमच्या पाया पडते."

"अगं, दोन दिसांत लातूरला जातो की. नवं आणतो. बाया उन्हात बसून हायेत, त्यान्ला काय वापस लावू?"

त्यांचंही खोटं नव्हतं. बाहेर बायांच्या मांडीवर लेकरं भुकेनं रडत होती. पण तेव्हापासून मी स्वयंपाक करताना कान गिरणीकडं लावून बसायची. दगडांचा आवाज जरा बदलला की हातातलं पीठ हातातच राहायचं. घरात कुणी जोरात भांडं ठेवलं तरी मी दचकायची. नुसती धडकी भरलेली.

आणि मग एका दुपारी तो आवाज आला. कर्रर्र करत, थांबत, परत कर्रर्र. मी तशीच पिठाच्या हातांनी धावले. मालक पेटीवर वाकलेले, काय अडकलंय ते बघत.

"वाकू नका हो! आधी मोटार बंद करा!"

त्यांनी माझ्याकडं न बघताच थांब म्हणून हात वर केला आणि आणखी वाकले. टक् असा बारीकसा आवाज झाला. ते डाव्या डोळ्यावर हात ठेवून खाली बसले. रक्त म्हणावं तर थेंबभर. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

लातूरच्या डॉक्टरांनी डोळा बघून लगेच नांदेडला न्यायला सांगितलं. जीपमध्ये आत्याबाई लेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वाटेत लोहा गाव आलं, गेलं, त्या पदरानं लेकाला वारा घालत राहिल्या. मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्याकडं बघतही नव्हते.

दवाखान्यात मालकांना आत नेलं. थोड्या वेळानं एक नर्स बाहेर आली. डोळ्यात लोखंडाची किरच घुसलीय, म्हणाली. डॉक्टर ती मोठ्या चुंबकानं ओढून काढणार आहेत.

आत्याबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सावरत तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "ते चुंबक कुणी तापवलं तर न्हाई ना?"

नर्सला काही कळलं नाही. ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "नाही आत्याबाई, ते चांगलं आहे," आणि त्यांना धरून बाकावर बसवलं.

किरच निघाली. डोळा गेला.