जावयाने दिलेली गाडी

मला किळस फार लवकर येते, हे आधीच सांगून टाकते. बेसिनच्या जाळीत अडकलेलं भाताचं शीत दिसलं तरी माझा घास घशाखाली उतरत नाही. आई म्हणते, "तुले तं माणसाईचीच किळस हाय." त्यात तथ्य आहे. पण यंदाच्या मे महिन्यात आमच्या अंगणात, गाडीखाली ठेवलेल्या घमेल्यात जे उतरलं, तसलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

गाडी माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने दिलेली. आईच्या किडन्या निकामी झाल्या आणि दर मंगळवारी नि शुक्रवारी तिला अल्लीपूरहून सेवाग्रामला डायलिसिससाठी न्यायची पाळी आली. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, मी लग्न केलं नाही, नोकरी हिंगणघाटला, तेव्हा हे काम माझ्याकडेच येणार होतं. सुरुवातीला आम्ही दोघी एसटीने गेलो. जाताना निभायचं. येताना तिच्यात त्राण नसायचं. वर्ध्याच्या स्टँडवर ती माझ्या खांद्यावर मान टाकून बसायची आणि समोरच्या बाकावरचे लोक तिच्याकडे बघत निवांत शेंगदाणे खायचे.

जावई नागपूरला असतो. त्याने तेव्हाच मोठी नवी गाडी घेतली होती, जुनी दारात उभी होती, ती त्याने आईला देऊन टाकली. नुसती दिली असती तर गोष्ट वेगळी. बॉनेटवर झेंडूचा हार घालून तो ती घेऊन आला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि आईच्या हातात किल्ली देताना फोटो काढवून घेतला. फोटोत त्याचे हात आईच्या पायांवर आहेत आणि तोंड मोबाइलकडे. तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला, खाली हात जोडल्याची चित्रं पडली. मावशीने तर फोन करून रडून घेतलं, असा जावई मिळायले नशीब लागते म्हणे. मीसुद्धा त्या दिवशी त्याला मनापासून हात जोडले. ते आठवलं की आता हात धुवावेसे वाटतात.

गाडी दोनअडीच महिने बरी चालली. मग मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, सेवाग्रामहून परत येताना, भर दुपारी इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला. बॉनेटमधून वाफ निघायला लागली. मी गाडी बाजूला घेतली, आईला उतरवलं आणि एका बाभळीखाली, जिची सावली चाळणीतून पडावी तशी पडली होती, तिथे पंचा अंथरून बसवलं. तिच्या हातावरची पट्टी अजून ओली होती. प्यायला तिला पाणी मोजकंच चालतं, म्हणून मी बाटलीतलं पाणी तिच्या डोक्यावर थापत राहिले. ती दोनदा ओकली. मग डोळे मिटून इतकी गप्प झाली की मी तिच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं. आई आज या बाभळीखालीच जाते, असं मला स्पष्ट वाटलं. एका ट्रॅक्टरवाल्याने कॅनभर पाणी दिलं, इंजिन निवाल्यावर ते ओतलं आणि थांबत थांबत आम्ही घरी पोचलो.

संध्याकाळी जावयाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, पाणी टाकत जा ना तिच्यात. जुनी गाडी हाय, पाणी पिते."

जशी काही म्हैस.

मंगळवार चुकवता येणार नव्हता. डायलिसिस चुकलं की आईच्या पायांवर सूज चढते आणि श्वास अडायला लागतो, ते मी एकदा पाहिलंय. गावातला गाडी दुरुस्त करणारा पुतण्याच्या लग्नाला यवतमाळकडे गेला होता. आणि रविवारी आमच्याकडे धोंड्याचं जेवण होतं. यंदा अधिक महिना आला, जावयाला जेवू घालायचं, त्याचे पाय धुवायचे, ताटात अनारसे नि दिवा ठेवून वाण द्यायचं. आईने ते महिनाभर आधी ठरवलं होतं. तेव्हा मी म्हटलं, शनिवारी सकाळी आपणच रेडिएटरमधलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बदलू. मोबाइलवर बघून मी घरचा कूलर दुरुस्त केलाय, पंप बसवलाय, हे काय अवघड.

व्हिडिओतला माणूस फार नीटनेटका होता. त्याने टोपण उघडलं, खालचा निचऱ्याचा बूच सैल केला आणि हिरवंगार, वाळ्याच्या सरबतासारखं कूलंट बादलीत पडलं. मी उन्हं चढायच्या आत गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले, घमेलं सरकवलं, पाना लावला, बूच काढला. काहीच आलं नाही. एक थेंब नाही. तार घालून जरा ढोसलं तेव्हा आत काही तरी मऊ लागलं. तार फिरवली आणि पच् करून एक गोळा माझ्या मनगटावर पडला, त्याच्यामागे घट्ट, तपकिरी-पिवळा गाळ लोंबत लोंबत यायला लागला. थेंब नव्हते ते, लोळ होता. वास असा की चार दिवस झाकून विसरलेल्या कढीत कोणी गंजके खिळे टाकलेत. तो मनगटावरून कोपराकडे ओघळला आणि मी पाठीवर पडलेली, हात झटकावा तर तोंडावर उडणार. कशीबशी बाहेर आले आणि जास्वंदीच्या आळ्यात भडभडून ओकले.

मग नळावर गेले आणि कपड्याचा साबण घेऊन हात घासायला लागले. साबण लागताच मनगटावरचा पिवळा डाग लाल झाला.

मी घासायची थांबले. ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी वरणाचा डाग पडलेली पांढरी साडी धुतली आहे, तिला हा लाल रंग सांगायला लागत नाही. मी परत गाडीपाशी गेले, वरचं टोपण काढलं, तोंडाच्या कडेला बसलेला थर नखाने खरवडून त्यावर साबण फिरवला. लालभडक. हळद होती ती. मूठभर नाही, चांगली वाटीभर असेल, कित्येक आठवडे उकळत उकळत आत शिजलेली.

ही युक्ती मला ऐकून माहीत होती. आडरानात रेडिएटर गळायला लागला तर ट्रकवाले पाण्यात हळद टाकतात, ती फटीत जाऊन बसते आणि गाडी गावापर्यंत पोचते. वेळ निभवायची गोष्ट आहे ती. गावात पोचल्यावर माणूस फट दुरुस्त करतो. हळद काही आपल्या पायांनी चालत रेडिएटरमध्ये जात नाही. कोणी तरी टोपण उघडून, चमच्याने ती आत सोडली होती, वरून टोपण लावलं होतं आणि मग झेंडूचा हार आणायला गेलं होतं.

मी तशाच ओल्या हातांनी आत जाऊन आईला सांगितलं. ती कूलरसमोर पडून होती. छताकडे बघतच म्हणाली, "जावई हाय तो. उद्या जेवाले येऊन राह्यला. तू तोंड उघडू नको."

"आई, तू मेली असती काल."

"मेली का? नाई ना? मंग."

 मी बाहेर येऊन रागारागाने रेडिएटर धूत बसले. नळीने पाणी सोडायचं, इंजिन थोडं चालवायचं, निवू द्यायचं, पुन्हा सोडायचं. दर वेळी वाटे, आता संपलं, आणि दर वेळी आतून आणखी एक गुळगुळीत तुकडा यायचा, सायीसारखा. घमेल्यातली घाण मी जुन्या कॅनमध्ये भरून झाकण लावलं. नालीत ओतली असती तर गल्लीतल्या गाईंनी तोंड घातलं असतं. शेवटी स्वच्छ पाणी आलं, आणि त्याबरोबर खालच्या रबरी पाइपला क्लिपच्या जवळ टपटप सुरू झाली. बारीक चीर होती. हळद निघाली, चीर उघडी पडली. एवढंच होतं. हातभर रबराचा पाइप, जो बदलायला संध्याकाळी अर्धा तास लागला.

तसा नवा पाइप आणि कूलंट घेऊन मी एसटीने हिंगणघाटहून परतले तेव्हा बहीण आलेली होती. पुरण शिजवायला म्हणून ती एक दिवस आधी येणार होतीच. अंगणात घमेलं उपडं होतं, पण फरशीवर पिवळे डाग राहिले होते. ती त्यांच्याकडे बघत उभी होती. दुपारची लाइट गेली होती, कूलर बंद, घर एकदम मुकं झालेलं. आई आत झोपली होती. मी बहिणीला स्वयंपाकघरात नेलं आणि नुसतं विचारलं, "तुले माहीत होतं?"

ती डाळ निवडायला बसली. खडा नव्हता तरी शोधत राहिली. मग म्हणाली, "हळद मीच देल्ली ताई. ह्यायनं मागतली, मले वाटलं हाताले काही लागलं. डबाच नेला. आईनं पाठवलेला, वायगावच्या हळदीचा."

आई दर वर्षी वायगावची हळकुंडं आणवते, स्वतः उभी राहून दळवून घेते आणि पहिला डबा धाकटीला पाठवते. मला आठवलं, यंदा तिच्या हाताला सुया टोचून टोचून गाठी आल्या होत्या, तरी तो डबा तिने स्वतः भरला होता. 

"तू काही म्हटलं नाई त्याले?"

"म्हणलं ना. म्हणलं, आई बसन त्याच्यात, पाइप तरी बदलून द्या." तिने डाळीचं ताट खाली ठेवलं. "तं म्हणे, बुढीले अजून किती दिवस जायचं हाय?"

  त्या माणसासाठी मी उद्या अनारसे तळणार होते, त्याच्या पायांवर पाणी घालणार होते. मी म्हटलं, "उद्या भर पंगतीत विचारतो त्याले." बहिणीने माझा हात धरला. "नको ताई. तू विचारशीन अन् आपल्या घरी राहशीन. मले त्यायच्यासंग नागपूरले वापस जा लागते." ती रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. मी शब्द दिला.

संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून पाइप बसवला, कूलंट भरलं. ती टॉर्च धरून उभी होती. गाडी बराच वेळ चालू ठेवली, काटा मध्यावर जाऊन तिथेच राहिला. आई खिडकीतून बघत होती. 

रविवारी जावई आला. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, अत्तराचा वास. मावशी होती, शेजारच्या चार बायका होत्या. त्याला पाटावर बसवलं, पायांखाली परात ठेवली. आईला वाकता येत नाही, म्हणून ती समोर बुटक्या स्टुलावर बसली. मी तांब्यातून पाणी सोडायचं आणि तिने धुवायचे. त्याच्या पायांवर मोज्यांचे वळ होते, अंगठ्याचं नख वाढलेलं होतं. आईचा तो सुयांनी सुजलेला हात त्या बोटांच्या मधून फिरत होता आणि मी दुसरीकडे बघायचा प्रयत्न करत होते.

"काय ताई," तो वरून म्हणाला, "गाडी काय म्हणते? पाणी टाकता ना?"

मी शब्द दिला होता. मी पाणी सोडत राहिले.

आई म्हणाली, "बापू, परवा मंगळवार हाय. या खेपेस तुम्हीच घेऊन चला मले. तुमचीच गाडी हाय, तुमच्या हातानं चालवा."

बायकांना ते फार आवडलं. मावशी म्हणाली, "चाला ना बापू, सासूचा हट्ट हाय." तो हसला. मंगळवारी साइटवर काम आहे, माणसं येणार आहेत, पुढच्या वेळी नक्की, असं काहीबाही म्हणायला लागला. आईने त्याचा पाय परातीतून उचलून आपल्या मांडीवरच्या टॉवेलवर घेतला.

"रोज थोडीच चाला म्हणून राह्यली मी?" तिने वर पाहिलंही नाही, बोटं पुसत राहिली. "अन् या बुढीले अजून किती दिवस जायचं हाय?"

अनारशांचं ताट घेऊन आलेली बहीण दारातच थांबली. काल लाइट गेली तेव्हा आई जागी होती, हे मला तेव्हा कळलं. बायका हसतच होत्या, त्यांना त्यात काही दिसलं नाही. जावयाचा पाय मात्र आईच्या हातात एकदम ताठ झाला. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग टॉवेलकडे. "येतो," तो म्हणाला. आईने दुसरा पाय घेतला आणि तितक्याच निगुतीने पुसला.

मंगळवारी त्यानेच नेलं. आई पुढे बसली, आम्ही दोघी बहिणी मागे. गाव सुटताच त्याने एसी बंद केला, इंजिन तापू नये म्हणून. आई म्हणाली, "लावा बापू, मले उकडते," आणि त्याला तो लावावा लागला. सेवाग्राम येईपर्यंत त्याचं लक्ष रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त होतं. बाभळी मागे जात होत्या, आत गार होतं, आणि तरी त्याच्या मानेवरून घाम उतरून कॉलरमध्ये जाताना मला दिसत होता. पाइप नवा आहे, कूलंट नवं आहे, काटा मध्यावरून हलणार नाही, हे आम्हा तिघींना माहीत होतं. त्याला कोणी सांगितलं नाही.