ससंदर्भ स्पष्टीकरण

वाशीमच्या स्टँडवर आप्पांनी माझी बॅग स्वतः गाडीत चढवली आणि खिडकीखाली उभं राहून म्हणाले, ‘ज्याचं मीठ खाशील त्याच्याशी इमान ठेव.’ मागून आई म्हणाली, ‘अन् कोनाच्या पोटावर पाय नको देऊ.’ गाडी हलली. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत असे दिवस येतात, हे दोघांनाही ठाऊक नसावं. आप्पा सातवीपर्यंत, आई शाळेत गेलीच नाही. मी घराण्यातली पहिली पदवीधर, वर मराठीत एम.ए. गावात विचारायचे, ‘मराठी त आपल्याले येतेच, ते शिकाले कॉलेज कायले पाह्यजे?’ तीच मराठी घेऊन मी झाशीला निघाले होते.

मामा झाशीला रेल्वेत. त्यांनी झाशीबाहेरच्या बिजौलीतल्या एका कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला होता. पत्र्याचे भाग दाबून काढायचा कारखाना. माझं काम हजेरी, रजा, गेटपास. मामाची मुलं मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. वर्षभरात माझंही तसंच व्हायला लागलं. भाजीवाल्याला भैया, साहेबांना जी, आणि मराठी फक्त रविवारी आईच्या फोनपुरती. तुमच्यापैकी जे सुरतेला गेले, इंदूरला गेले, त्यांना हे सांगायला नको. आपली भाषा सणाच्या भांड्यांसारखी माळ्यावर जाते.

मग खामगावचा सुमित ठेकेदाराकडून फिटर म्हणून आला. गेटपास घेताना माझं नाव वाचून म्हणाला, ‘ताई, तुमी आपल्याकडच्या?’ एवढ्या तीन शब्दांनी माझं गाव टेबलासमोर येऊन उभं राहिलं.

सुमित रॅप करायचा. डब्याच्या सुट्टीत शेडमागे, फोनवर ठेका लावून, मराठीत. आजूबाजूला सगळे बुंदेलखंडातले, एक अक्षर कळायचं नाही, पण माना डोलवायचे. मी विचारलं, इथं मराठीत कशाला गातोस? ‘ताई, अथी मराठीत शिव्या देल्ल्या तरी लोकं टाया वाजवतेत. हिंदीत देऊन पाहू का?’

त्याच्या ओळी मी एम.ए.च्या वर्गात कविता उलगडायचे तशा उलगडत बसायचे. या शब्दाखाली काय आहे, हा टोला कुणाला. चुकले की तो म्हणायचा, ‘एम.ए. हाय ना तुमचं?’ झाशीतला तो एकच तास मी शिकलेल्या कामाचा होता.

त्या पावसाळ्यात रामसेवकची तीन बोटं प्रेसमध्ये गेली. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात मशीनखाली राहत नाही. काम भराभर निघावं म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. सगळ्यांना माहीत होतं. कागदावर मात्र आलं, ‘घर पर गिरने से चोट.’ रामसेवक चिरगाँवला घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी पाचरही गेली.

सुमितनं गाणं केलं.

सासूबाईले दोन हातांचा नमस्कार लागते,
एका हाताले पाचर मारली, दुसरा ताटात वाढते.
जेवली सासू पोटभर, देल्ला मोठा ढेकर,
घरी पडला म्हना आता, हात धुवा लवकर.

कुणीतरी व्हिडिओ काढला. फोनाफोनी फिरत तो मॅनेजरसाहेबांकडे गेला. साहेब म्हणजे मालकांचे जावई, सासऱ्यांच्याच बंगल्यात राहणारे. मला आत बोलावलं, दार लावून घेतलं.

‘मैडम जी, ये सासू माने सास, ना?’

‘जी.’

‘सीधे बताइए. ये लड़का मेरी ससुराल पर बोल रहा है?’

मला हसू आलं, ते मी दाबलं. सगळी झाशी त्यांना घरजावई म्हणून हसते अशी त्यांची खात्री होती, त्यामुळं गाण्यातही त्यांना स्वतःचाच अपमान दिसला. रामसेवकची बोटं दिसली नाहीत. मी म्हणाले, ‘नहीं सर. हमारे यहाँ सास पर गाने बनते ही हैं. शादी-ब्याह में औरतें गाती हैं.’ यात खोटं काही नव्हतं. पोराची नोकरी वाचावी एवढंच डोक्यात होतं.

साहेब खुर्चीत सैल झाले. ‘अरे, तो शादी का गाना है? बुलाओ उसको, हम भी सुनें.’

सुमित आला. साहेब हसत म्हणाले, ‘मैडम ने बता दिया, शादी का गाना है तुम्हारा.’

त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखादा आपल्या घरचं माणूस ओळखू येतंय का बघतो, तसं. मग म्हणाला, ‘ताई मुझे बचा रही हैं, सर. ये शादी का गाना नहीं है. सास आपकी वो कोने वाली प्रेस है.’ आणि तिथंच उभा राहून त्यानं ओळ न् ओळ हिंदीत उलगडली. नमस्कार म्हणजे काय, ताट म्हणजे काय, घरी पडला असं कुणी लिहिलं. मलाही वर्गात इतकं स्वच्छ कधी सांगता आलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत त्याचं कार्ड काढून घेतलं. मग साहेबांनी माझ्यापुढं कोरा कागद ठेवला. ‘लिखिए, आप मराठी में एम.ए. हैं, और इस गाने का प्रेस से कोई लेना-देना नहीं है. नीचे साइन.’

आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझी पदवी हवी होती.

आमच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असायचा: ससंदर्भ स्पष्टीकरण करा. ओळी कुणाच्या, कुठल्या प्रसंगी, अर्थ काय. मी तसंच लिहिलं, हिंदीत, चारही ओळींचं. प्रसंग लिहिला. पाचर लिहिली. खाली पूर्ण नाव आणि एम.ए. फोनमध्ये फोटो काढला आणि कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचून एवढंच विचारलं, ‘मामा जी जानते हैं?’

माझी नोकरी गेली, आणि मामांना त्याच दिवशी कळलं. महिनाभर मामी माझ्याशी ताटापुरतं बोलली. आप्पा अजून फोनवर येत नाहीत. सुमित पुण्याकडं कुठंतरी आहे. नव्या ठेकेदारानं कामावर घ्यायच्या आधी फोन तपासला, म्हणून गाणं त्यानं काढून टाकलं. आता गात नाही म्हणतो.

मी चिरगाँवला गेले होते. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत रामसेवकचं घर. गल्लीत लोक म्हणायचे, दारू पिऊन घरात पडला. त्याच्या बायकोनं विचारलं, ‘बिन्ना, ऊ गाना में का कई है?’ बिन्ना म्हणजे बहीण. गाण्यात काय म्हटलंय ते मी सांगितलं. सासू, नमस्कार, ताट, ढेकर. ती खाली बघत ऐकत राहिली.  मग रामसेवक म्हणाला, ‘सबनें इत्ती बेर कई, हमईं कैन लगे ते कै घरै गिरे.’ सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलं की तोच म्हणायला लागला होता, घरी पडलो.

आता श्रम कार्यालयात त्याचा अर्ज आहे, त्याला फोटोतल्या माझ्या कागदाची प्रत जोडलीय. साहेबांचे वकील म्हणतात, गाणं म्हणजे पुरावा नव्हे. बरोबरच आहे त्यांचं. पाचर कुणी ठेवलेली नाही. सोबतचे कामगार बोलायला तयार नाहीत. त्यांनाही घरं आहेत. गाणाऱ्यानं गाणं पुसलंय. उरले मी, अर्थ सांगणारी. तारीख पडते, पुढं ढकलली जाते. मी झाशीतच, सीपरी बाजारात मुलांच्या शिकवण्या घेते, हिंदी व्याकरणाच्या.

आई फोनवर म्हणते, ‘कंपनी सुटली, आता तथी काय ठेवलं हाय? घरी कधी येतं?’ तारखेच्या आदल्या दिवशी चिरगाँवहून फोन येतो, ‘बिन्ना, आओगी न?’

आईच्या प्रश्नाला मी वर्षभर उत्तर दिलेलं नाही. दुसऱ्या फोनवर मला विचार करावा लागत नाही.