केरबाने आणलेला वारा

उचगावच्या केरबाला उष्णतेबद्दल कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे. शिरोली एमआयडीसीत लोखंड ओतणाऱ्या एका फाउंड्रीत त्याची बावीस वर्षं भट्टीपुढं गेली होती. चहाच्या कपाकडे नुसतं बघून तो सांगायचा, "दोन मिंटं थांब, जीभ पोळंल." आणि ती पोळायचीच, कारण ऐकायचं कोण?

गोष्ट २००८ सालची. तेव्हा घरात लॅपटॉप येणं म्हणजे दावणीला नवी म्हैस आल्यासारखं, गल्ली बघून जायची. केरबाची लेक निशिगंधा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिच्यासाठी आणलेला लॅपटॉप जुना होता, वजनाला पाटा आणि तापायला तवा. वीस मिनिटं चालला की आपोआप बंद. सोमवारी कॉलेजात बाहेरच्या परीक्षकांपुढे पाऊण तास प्रोजेक्ट दाखवायचं होतं. मध्येच पडदा काळा झाला तर वर्षभराची मेहनत वाया.

"आबा, कूलिंग पॅड लागतंय. खालनं पंखा असतोय त्याला."

"मी आणतो. वाऱ्यातलं तुला काय कळतंय?"

शनिवारी राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदार विश्वजितने पाच पॅड मांडले. "काका, हा घ्या. तीन पंखे, निळी लाइट."

केरबाने खिशातलं बसचं तिकीट काढून एकेका पंख्यावर धरलं. एकावर ते उडून थेट विश्वजितच्या चहात पडलं. केरबाने तो पॅड बाजूला सारला. तिकीट चहातून काढून, झटकून पुढचे तपासले आणि ज्यावर ते जेमतेम थरथरलं तो उचलला. "ह्यो द्या."

"अहो, हा सगळ्यात मवाळ आहे."

"पावणं, साच्यातनं काढलेल्या लालभडक कास्टिंगवर एकदम वारा मारला की तडा जातोय. गरम वस्तू दमानं निवू द्यायची असती."

विश्वजितने जन्मात कास्टिंग पाहिलं नव्हतं. "खोकं जपून ठेवा," एवढंच तो म्हणाला.

घरी लॅपटॉप चोविसाव्या मिनिटाला बंद पडला.

"चार मिंटांची कमाई झाली म्हणायची," तानाबाई चुलीपुढून म्हणाली. बायकोचे टोमणे केरबाला सवयीचे होते. पण निशिगंधा झाकण मिटून बसली, ते त्याला लागलं.

त्याने लॅपटॉप उलटा केला. "ह्यो वारा आत कुठनं घेतोय?"

"ह्या डाव्या कोपऱ्यातल्या जाळीतनं. गरम हवा बाजूनं बाहेर टाकतोय."

पॅडचा एकुलता पंखा नेमका मध्यभागी, कोऱ्या प्लास्टिकवर वारा घालत होता. ब्लोअरचा वारा भट्टीच्या तोंडात जावा लागतो, हे केरबा रोज नव्या कामगारांना ओरडून सांगायचा.

"आन तडा?" त्याने हळूच विचारलं.

"लॅपटॉप लालभडक होतोय व्हय, आबा?"

रविवारी पॅड खोक्यात घालून आणि लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून तो पुन्हा दुकानात. एकेक पॅड खाली धरून बघितला. एकाचा डावा पंखा बरोबर जाळीखाली आला. खालून हवा घ्यायला त्याला उंच पायही होते, लाइट मात्र एकही नव्हती. त्यावर लॅपटॉप चालू ठेवून केरबा तासभर स्टुलावर ठाण मांडून बसला आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत राहिला, "आधी लॅपटॉप उलटा करून बघा, पावणं." विश्वजितने दोनदा चहा पाजला, एकदा आदराने, एकदा त्याने उठावं म्हणून.

सोमवारी पाळी बदलून घेऊन केरबा कॉलेजच्या दाराबाहेर उभा राहिला, नजर घड्याळावर. विसावं मिनिट गेलं. चोविसाव्याला दार उघडलं आणि तो दोन पावलं पुढे झाला. शिपाई पाण्याचा जग घेऊन बाहेर आला. पन्नासाव्या मिनिटाला निशिगंधा आली.

"न्हाय पडला बंद?"

"न्हाय. पॅड कसा निवडला, ते इचारत हुते."

"सांगितलंस न्हवं, उलटा करून बघायचा?"

"व्हय की, आबा."

तो लॅपटॉप केव्हाच भंगारात गेला. निशिगंधा पुण्यात नोकरीला असते. पॅड मात्र केरबाजवळच आहे. मोबाइलच्या चार्जरला जोडून तो त्यावर चहा निववतो. कप डावीकडे, बरोबर पंख्यावर.